न कुजणारं

माझ्या बापाचं जाळं दर दोन सालांनी कुजायचं.
टेंभराच्या रसात भिजवा, उन्हात वाळवा,
तरी पाणी सूत खायचंच.
मग बुधवारच्या बाजारातून नायलॉन आलं.
दुकानदार म्हणाला, हे कुजत नाही डोमाजी,
नातवाला पुरेल.
बाप रातभर ते जाळं हातात फिरवत बसला.

माहेर नाल्याच्या वरच्या अंगाला, सासर खालच्या.
डोंगरीपल्याड कंपनी आली त्या दिवाळीला
घरोघरी एकेक तवा वाटला, काळा, गुळगुळीत.
आयते चिकटत नव्हते.
सासू उलथनं न लावता आयता ताटात सरकवायची
आणि हसायची, दात नसलेल्या तोंडानं.

हिवरी नाल्यावर तेव्हा फेस यायचा.
पोरं फेसाच्या दाढ्या लावून म्हातारी व्हायची.
मग फेस थांबला. पाणी निवळलं.
तळाचे गोटे दिसायला लागले, गोट्यांमागचे झिंगे,
खंड्या पळसाच्या फांदीवरून सूर मारायचा.
नाल्याला काही झालं असेल
असं नाल्याकडं पाहून वाटत नाही.
आजही वाटत नाही.

नर्सबाईनं सांगितलं होतं, पानी उकळून पाजा.
मी उकळलं.
नऊ वर्षं, रोज दोन गंज,
तुऱ्हाट्यांचा धूर डोळ्यात.
बुडबुडे आले की शंभर मोजायची.
गावात कोणी एवढं करत नव्हतं.

नागपूरहून चैताली आली, पाण्याचे नमुने घ्यायला.
तिनं आधी मला दूर उभं केलं.
छत्री नको, रेनकोट नको,
हाताला लावलेली क्रीम नको.
जे शोधायला आली होती
ते तिच्या अंगावरच्या कपड्यातही असू शकत होतं.
मी लांबूनच विचारलं,
उकळलं तं मरत असंल ना ते?
ती म्हणाली, मावशी, ते जिवंत नसतं.
उकळून पाणी आटतं.
ते तेवढंच राहतं.

त्या सांजेला गंज उतरवला
तेव्हा पाण्याची कड पाहिली, बोटभर खाली गेलेली.

मग रक्त नेलं. आकडे सहा महिन्यांनी आले.
बिरजुला आणि मी एकाच विहिरीवरच्या,
ओसरीला ओसरी लागलेली.
तिचा एकेचाळीस. माझा नऊ.
बाया म्हणाल्या, हिचं उकळणं कामी आलं.
मला बरं वाटलं, खोटं काहाले बोलू,
एका रातीपुरतं.

दुसऱ्या दिवशी फोन लावला, माझा एवढा कमी कसा?
चैताली गप्प. मग म्हणाली,
मावशी, लेकरं किती? अंगावर किती दिवस पाजलं?
दोन, म्हटलं. थोरल्याला दीड साल.
धाकटी तीन वर्षं प्यायली,
सोडतच नव्हती,
कडुनिंब लावला तेव्हा कुठं सुटली.
फोनमध्ये नुसता वारा.
बिरजुलाला मूल नाही.

बाहेर पडायला त्याला एक वाट होती.
ती मीच मांडीवर घेऊन बसायची,
डास लागू नये म्हणून
वरून पदर ओढून.

धाकटी आता सातवीत. बिरजुला तिची वेणी घालते.
काल वेणी घालून घेता घेता
विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती:
पान, शेण, मेलेली मासोळी,
सगळं कुजून मातीत परत जातं.
मान वळवून तिनं विचारलं, सगळं?
बिरजुलाचा हात वेणीत थांबला.

बापाची राख याच नाल्यात शिरवली.
जाळं भावानं नेलं नाही, माझ्याच खुंटीला आहे,
एक गाठ सुटलेली नाही.

मी म्हटलं, पुढं वाच.